भरीव आवाजाची होडी

त्याला सगळे टिचकी म्हणतात. खरं नाव बँकेच्या पासबुकात आहे आणि तिथे ते सुखरूप आहे.

टिचकी लोकांच्या घरात फरश्या बसवतो. फरशीवाला एक ओळ बसवतो आणि गुडघ्यांवर मागे सरकतो, दुसरी बसवतो, पुन्हा मागे सरकतो, आणि असं करत करत शेवटी दारातून बाहेर पडतो. जगात बहुतेकांना पोटासाठी पुढे जावं लागतं. हा बावीस वर्षं मागे जाऊन संसार चालवतो आहे.

नाव पडलं ते सवयीमुळे. माल सुकला की थापी उलटी धरायची आणि तिच्या लाकडी मुठीनं एकेक फरशी वाजवत जायचं. खाली सिमेंट नीट भरलेलं असेल तर आवाज भरीव येतो, ठप. कुठे पोकळी राहिली असेल तर फरशी टण करून बोलते, आणि बोलणारी फरशी वर्ष-दोन वर्षांत उखडते. एवढं सगळेच फरशीवाले करतात. टिचकी तिथे थांबला नाही. दारं, भिंती, कपाटं, कलिंगडं, दवाखान्यातलं डॉक्टरांचं टेबल, हाताला लागेल ते तो वाजवून बघतो. लग्न ठरत होतं तेव्हा पहिल्यांदा सासरी गेला आणि बसल्या बसल्या टाचेनं जमीन वाजवून त्यानं होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, की दारापासूनची तिसरी, चौथी आणि कपाटाजवळची एक अशा तीन फरश्या आतून पोकळ आहेत. सासऱ्यांना वाटलं, मुलगा आपल्या घराला नावं ठेवतोय. लग्न झालं आणि वर्षाच्या आत तिन्ही फरश्या उखडल्या. सासूबाईंचं मत आजही असं आहे, की चांगल्या होत्या, ह्यांनी ठोकल्या म्हणून उखडल्या.

हा कान त्याला उस्तादांनी दिला. एकोणिसाव्या वर्षी वडील गेले आणि तो उस्तादांच्या हाताखाली लागला. उस्ताद त्याला भिंतीकडे तोंड करून उभा करत आणि मागून फरश्या वाजवत. कुठली पोकळ, सांग. चुकला तर त्यालाच ती उचकटायला लावत, म्हणजे आपण काय ऐकलं नाही ते डोळ्यांनी दिसे. पहिल्या वर्षी त्यानं एवढ्या फरश्या उचकटल्या की घरमालकाला वाटलं, हा तोडायच्या कामावर आहे. तिसऱ्या वर्षापासून तो चुकेनासा झाला. उस्ताद म्हणत, डोळ्याला गंडवणं सोपं आहे, पॉलिश मारलं की डोळा खूश; कानाचं तसं नाही. हे वाक्य टिचकी इतक्या वेळा आणि इतक्या लोकांना ऐकवत असे, की पुढे पुढे ते त्याचंच आहे असं लोक समजू लागले. तो मात्र प्रत्येक वेळी दुरुस्ती करी. माझं नाही, उस्तादांचं.

उस्तादांचे गुडघे गेले आणि त्यांनी काम सोडलं, त्यालाही आता काही वर्षं झाली. पण नवं काम घ्यायच्या आधी टिचकी त्यांना फोन करायचाच. घर अमुक आहे, जमीन अशी आहे, मालक असा वाटतो, घेऊ का? बायको एकदा म्हणाली होती, "आपल्याला मूल हवं, हे तरी त्यांना न विचारता ठरवलंत ना?" टिचकीनं उत्तर द्यायला जरा जास्त वेळ लावला, आणि तो विनोद मग त्या घरात पुन्हा कुणी केला नाही.

गाव खाडीच्या काठावर आहे. समोरचा काठ दिसतो. हवा स्वच्छ असली तर धक्क्यावरून सासूबाईंच्या गच्चीवरची निळी टाकीही दिसते. होडीनं वीस मिनिटं. पण प्रवाशांची लाँच बंद पडली त्याला पाच वर्षं झाली, आणि बसनं जायचं तर खाडीला वळसा घालून, मध्ये एकदा बस बदलून, दोन तास. बायको रोपांच्या नर्सरीत कामाला, आठवड्याची एक सुट्टी. सासरे गेल्यापासून सासूबाई तिकडे एकट्या. त्यामुळे सुट्टीचा दिवस बसमध्ये चार तास आणि आईजवळ तीन तास असा जायचा, आणि त्या तीन तासांतला एक आई बसचीच चौकशी करण्यात घालवायची.

टिचकीची स्वतःचीही एक गरज होती. रविवारी तो धक्क्यावर दोन गळ टाकून बसायचा. धक्क्याजवळ मासा लहान मिळतो, मोठा मध्यावर असतो, असं धक्क्यावर बसणाऱ्या सगळ्यांचं एकमत होतं. मध्यावर त्यांच्यापैकी कुणी गेलेलं नव्हतं, म्हणून एकमत टिकून होतं.

एक जुनी, लहानशी फायबरची होडी घ्यावी, हे ठरायला दोन वर्षं गेली. नवी परवडणारी नव्हती, लाकडी सांभाळायला वेळ नव्हता. फायबरचं बरं असतं, सडत नाही, गंजत नाही, असं लेकीनं शाळेतल्या पुस्तकात वाचून सांगितलं. ती तेरा वर्षांची होती आणि तिला सगळ्याच गोष्टी नक्की माहीत होत्या. टिचकीनं नेहमीप्रमाणे उस्तादांना फोन केला. बघतोय, म्हणाला, घेऊ का?

मग उस्ताद म्हणाले, "दुसरीकडे कशाला बघतोस? माझी घे."

उस्तादांकडे होडी आहे हे त्याला अर्थातच माहीत होतं. काम सोडायच्या थोडं आधी त्यांनी ती घेतली होती, आणि टिचकी तीत तीनदा बसलाही होता. सोळा फुटी, पंचविसेक वर्षांची, बसायला दोन आडव्या फळ्या, मागे पंधरा एच.पी.चं इंजिन. पण ती विकतील असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. उस्ताद म्हणाले की गुडघ्यांमुळे आता चढता-उतरता येत नाही, दोन वर्षं नुसती अंगणात पडून आहे. टिचकीला भरून आलं. त्यानं घरी येऊन सांगितलं, त्यांनी स्वतःहून देऊ केली.

रविवारी तिघं बघायला गेले. होडी अंगणात लोखंडी गाड्यावर उभी होती. ताजा पांढरा रंग, कडेनं निळा पट्टा. मागच्या बाजूला, जिथे इंजिन टांगतात तिथे, अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत पत्रा स्क्रूनं बसवलेला. हा नवा दिसतोय, टिचकी म्हणाला. इंजिनाची थरथर लागू नये म्हणून, उस्ताद म्हणाले.

मग टिचकीनं पिशवीतून थापी काढली. बायकोनं लेकीकडे पाहिलं, लेकीनं आकाशाकडे.

पुढच्या टोकापासून सुरुवात झाली. कडा पातळ होत्या, टण वाजल्या. इथे पातळ आहे म्हणून बोलते, टिचकीनं समजावलं. तळ वाजवला, तो जरा बरा होता. वाकून, सरकून, सवयीप्रमाणे मागे मागे जात तो शेवटी मागच्या फळीशी पोचला. ही फळी जाड असते, सबंध इंजिनाचा भार तिच्यावर. त्यानं पत्र्याच्या बाजूला मूठ आपटली. ठप. दुसऱ्या बाजूला. ठप. खाली, वर, कोपऱ्यात. ठप, ठप, ठप. बावीस वर्षांत इतका एकसारखा भरीव आवाज त्यानं मोजक्याच घरांत ऐकला होता, आणि ती घरं त्याची स्वतःची कामं होती.

बायको म्हणाली, "ह्याचा आवाज असा बसका का येतोय? आमच्याकडे कुंडी अशी वाजली तर आम्ही ती बाजूला काढतो."

टिचकीनं तिला प्रेमानं सांगितलं की कुंडी ही मुळात पोकळच असते, तिचं शास्त्र वेगळं. इथे भरीव म्हणजे आत काही जागाच नाही. त्यानं दुजोऱ्यासाठी उस्तादांकडे पाहिलं.

उस्ताद काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. "वाजव," ते म्हणाले. "चारही कोपरे नीट वाजवून घे. मागून मला म्हणू नकोस."

त्यानं चारही कोपरे पुन्हा वाजवले.

किंमत चार बाथरूम आणि एका गच्चीच्या मजुरीएवढी होती. टिचकी सगळ्या किमती अशाच मोजतो. त्यातलं एक बाथरूम उस्तादांनी आपण होऊन कमी केलं. घासाघीस झाली नाही. घासाघीस करायची तर समोर परका माणूस लागतो.

पुढचे दीड महिने टिचकीच्या आयुष्यातले चांगले होते, हे नोंदवायला हवं. मध्यावरचा मासा धक्क्यावरच्या माशाएवढाच निघाला, पण ही बातमी धक्क्यावर सांगणं त्याला अमानुष वाटलं, म्हणून तो मोघम हसायचा. लेक इंजिन चालू करायला शिकली. बायको सुट्टीच्या दिवशी सकाळी निघून दुपारचं जेवण आईबरोबर करून, झोप काढून परत यायला लागली. एकदा परत येताना तिनं चपला काढून पाय पाण्यात सोडले होते आणि ती काहीतरी गुणगुणत होती. टिचकीनं इंजिन हळू केलं. वीस मिनिटांच्या रस्त्याला त्या दिवशी चाळीस लागली.

सासूबाई मात्र चढायला तयार नव्हत्या. जावईबापूंनी वाजवलेली वस्तू टिकत नाही, असा त्यांचा अनुभव होता. पण डोळे तपासायला इकडच्या दवाखान्यात यायचं होतं, बसमध्ये त्यांना उलट्या होत, आणि बायकोनं व लेकीनं दोन्ही बाजूंनी धरून त्यांना एका सोमवारी सकाळी होडीत बसवलं. टिचकी इंजिनाजवळ, मधल्या फळीवर मायलेकी, पुढे सासूबाई, मांडीवर डोळ्यांच्या जुन्या रिपोर्टांची पिशवी.

खाडीच्या मध्यावर एक मोठी मालाची बोट आडवी गेली. तिच्या मागून लाटा आल्या, फार मोठ्या नव्हेत. पहिलीवर होडी चढली, उतरली. दुसरीवर चढताना टिचकीनं जोर वाढवला आणि मागून एक आवाज आला. ओल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर पाय पडला तर येतो, तसला. मोठा नाही. टिचकीला कळलं नाही, कारण असला आवाज त्याच्या यादीत नव्हता.

लेक म्हणाली, "बाबा, इंजिन उतरतंय."

इंजिन खरोखरच उतरत होतं. आरामखुर्चीत माणूस रेलावा तसं ते मागे रेललं होतं, आणि त्याच्याबरोबर मागची फळीही. पत्र्याच्या दोन्ही कडांशी पांढरा रंग फाटला होता आणि फटीतून तपकिरी लगदा बाहेर येत होता. मग तिसरी लाट सरळ आत आली.

टिचकीनं इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना पुढे सरका म्हणून सांगितलं, म्हणजे मागची बाजू उचलली जाईल. बायकोनं नांगराची दोरी काढून इंजिनाच्या मानेला बांधली आणि दुसरं टोक मधल्या फळीला आवळलं. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. लेक जेवणाच्या डब्यानं पाणी उपसायला लागली. पाणी घोट्यांवर आलं, मग पोटऱ्यांवर. सासूबाईंना पोहता येत नव्हतं. तसं ते त्या होडीत टिचकी सोडून कुणालाच येत नव्हतं, आणि टिचकीला एकालाच घेऊन पोहता आलं असतं, हे तिघींच्याही एकाच वेळी लक्षात आलं असावं, कारण तिघी एकदम गप्प झाल्या. आणलेली तरंगायची जाकिटं दोनच होती. एक आजीच्या अंगात होतं, एक नातीच्या. बायको वल्हं मारत होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती.

सासूबाईंनी रिपोर्टांची पिशवी डोक्यावर धरली होती. त्या म्हणाल्या, "जावईबापू, आता वाजवून बघायचं नाही का?"

पंधरा-वीस मिनिटांनी एका मच्छीमाराची लाँच आली आणि त्यांना ओढत धक्क्याला घेऊन गेली. कुणाला काही झालं नाही. डोळे तपासून झाले, मोतीबिंदू निघाला. घरी आल्यावर बायकोनं ओले कपडे पिळले, वाळत घातले, आणि एकच वाक्य बोलली. "लेक होती आत."

दोन दिवस टिचकी कामावर गेला नाही. होडी गेली, इंजिनात खारं पाणी गेलं, ह्याचं त्याला काही वाटेना. बायको बोलत नव्हती, तेही त्याला बरोबरच वाटत होतं. त्याला फक्त एक गोष्ट हवी होती. उस्तादांना माहीत नसावं. बाकी सगळं सोसायची त्याची तयारी होती. एवढं एक मिळालं असतं तर त्यानं कर्ज काढून होडी दुरुस्त केली असती आणि चूक स्वतःच्या नावावर घेतली असती.

तिसऱ्या दिवशी त्यानं होडी फायबरवाल्याच्या शेडमध्ये नेली. तिथे सगळ्या वस्तूंवर पांढरी भुकटी बसलेली होती आणि त्यांतली एक वस्तू हलली तेव्हा तो फायबरवाला आहे असं कळलं. त्यानं मास्क कपाळावर चढवला, पत्रा काढला आणि मागे बोट खुपसलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

त्यानं समजावून सांगितलं. बाहेर फायबरचे दोन थर, त्यांच्यामध्ये प्लायवूड. इंजिनाचे बोल्ट ह्या सगळ्यातून आरपार जातात. भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, फायबरला काही होत नाही, आतलं लाकूड मात्र भिजून कुजतं. बाहेरून काही दिसत नाही. त्यानं खात्रीसाठी शाबूत दिसणाऱ्या कोपऱ्यात बारीक ड्रिल घातलं. चांगल्या फळीतून कोरडा, पिवळसर भुसा येतो, म्हणाला. ड्रिलला गुंडाळून जे आलं ते वापरलेल्या चहापत्तीसारखं होतं.

"पण आवाज भरीव होता," टिचकी म्हणाला.

"असणारच. आत पाणी भरलंय."

फायबरवाल्यानं त्याला शेजारच्या नव्या होडीपाशी नेलं आणि मागच्या फळीवर हातोडीचा दांडा आपटला. टण. खणखणीत, जवळजवळ उर्मट आवाज. इथे टण म्हणजे ठीक, तो म्हणाला, आणि ठप म्हणजे आत चिखल. टिचकीनं वाद घातला. बावीस वर्षांचा कान आहे, म्हणाला. फायबरवाला हसायला लागला. हसण्यात वाईट काही नव्हतं.

"भाऊ, तुम्ही फरशीवाले ना? तुमच्यात हे सगळ्यांचंच असतं वाटतं. दोन वर्षांपूर्वी हीच होडी घेऊन एक म्हातारे आले होते. असेच थापीच्या मुठीनं वाजवून दाखवत होते. तासभर भांडले माझ्याशी. मला म्हणाले, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी वाजवतोय. शेवटी भोक पाडून दाखवलं, तेव्हा इथे खाली बसले आणि पाणी मागितलं."

टिचकीनं विचारलं, मग?

मग त्यांनी खर्च विचारला, फायबरवाला म्हणाला, खर्च ऐकला, आणि विचार करून येतो म्हणाले. दोन महिन्यांपूर्वी पुन्हा आले, ते रंग आणि पत्रा घ्यायला. "मी सांगितलं, काका, ह्याच्यावर इंजिन लावून आत जाऊ नका, जिवावर बेतेल. म्हणाले, मी कुठे जातोय."

फायबरवाला दुरुस्तीचं काहीतरी सांगत राहिला. टिचकी मान हलवत होता. त्याला ऐकू येत होतं, पण अर्थ लागत नव्हता.

तरीही उस्तादांकडे जाताना बसमध्ये त्यानं एक वाक्य तयार केलं. त्याचा बराचसा भाग दाराचा होता. म्हणजे उस्तादांना बाहेर पडायला त्यात एक दार ठेवलेलं होतं. फायबरवाला खोटं बोलत असेल. म्हातारा दुसराच कुणी असेल. जगात पांढऱ्या होड्या कमी नाहीत. उस्तादांनी फक्त त्या दारातून बाहेर पडायचं होतं.

उस्ताद दुपारी घरात एकटेच होते. खुर्चीत बसून गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरलेली. ये, म्हणाले, बस. टिचकी बसला आणि पाठ केलेलं बोलला.

"उस्ताद, मागची फळी आतून कुजलेली होती. भर पाण्यात तुटली. सासूबाई होत्या, लेक होती. तुम्हाला कळलं नसणार. बाहेरून कळतच नाही म्हणतात."

नाही रे, मला कसं कळणार, एवढंच म्हणायचं होतं. टिचकीनं ते विश्वासानं घेतलं असतं. तो त्या वाक्याची वाट बघत होता.

उस्तादांनी मान वर केली. "मला कळलं नसणार?" त्यांनी हे शब्द एकेक करून उच्चारले, आणि त्यांच्या तोंडावर जे दिसलं त्यात शरम नव्हती. अपमान होता. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला. घेतली तेव्हाच ऐकलं होतं. फायबरला ठप वाजलं की आत ओल, हे मला कुणी शिकवायला हवं?"

ते खोटं बोलत होते. टिचकीला ते खोटं आहे हे माहीत होतं, आणि कुणासाठी बोलत आहेत तेही कळलं. फायबरवाल्याच्या शेडमध्ये तासभर भांडलेला माणूस उस्तादांना मान्य नव्हता. आयुष्यभर जपलेला कान एका होडीनं गंडवला, हे कबूल करण्यापेक्षा आपण जाणूनबुजून गळ्यात मारली, हे त्यांना सोपं जात होतं.

"मग मी वाजवत होतो तेव्हा?" टिचकीनं विचारलं.

"तू विचारलं नाहीस."

"समोर उभे होतात तुम्ही. चारही कोपरे वाजव म्हणालात."

"वाजवलेस ना? तुझं तू ठरवलंस."

"मी तुमच्या कानानं ऐकलं, उस्ताद."

उस्तादांनी पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर घेतली. काठाकाठानं जायचं होतं, ते म्हणाले, मध्यावर कशाला न्यायची. टिचकी म्हणाला की समोरच्या काठाला काठाकाठानं जाता येत नाही. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

मग टिचकीनं जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं ते विचारलं. "मलाच का दिलीत?"

"दुसऱ्या कुणाला दिली असती तर त्यानं दाखवायला माणूस आणला असता," उस्ताद म्हणाले. "भोकं पाडली असती. तू आणणार नाहीस, हे मला माहीत होतं. तू वाजवणार. तू माझ्या हातचा आहेस."

शेवटचं वाक्य त्यांनी कौतुकानं म्हटलं. बावीस वर्षांत त्यांनी टिचकीचं तोंडावर कौतुक केल्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ते खरंही होतं.

टिचकी उठला. उस्ताद म्हणाले, पैसे परत हवेत तर घेऊन जा, कपाटात आहेत तसेच. तो नको म्हणाला की काहीच म्हणाला नाही, हे त्याला नंतर आठवेना. दारापर्यंत पोचल्यावर मागून हाक आली.

"बाहेर कुणी विचारलं तर सांग," उस्ताद म्हणाले, "की मला माहीत होतं."

घरी बायको कुंड्यांत माती भरत होती. नर्सरीतून ती तडे गेलेल्या कुंड्या फुकट आणते आणि तारेनं बांधून वापरते. तिनं हात न थांबवता विचारलं, भेटले? भेटले, तो म्हणाला.

"त्यांना माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

टिचकी दाराशी उभा राहिला. दोन वर्षांपासून, असं उत्तर होतं. त्यात उस्ताद थोडे कमी वाईट झाले असते; पहिली काही वर्षं तरी ते आपल्यासारखेच फसलेले होते, असं बायकोला सांगता आलं असतं, आणि ती कदाचित म्हणालीही असती, बिचारे. पण मग त्यांचा कान गेला असता. आणि त्या कानावाचून टिचकीकडे दुसरा कुठलाच कान नव्हता. उद्या सकाळी एका घरी दोन खोल्यांची फरशी तपासायची होती.

"पहिल्यापासून," तो म्हणाला.

बायकोनं माती झटकली. "मग त्या माणसाचं नाव ह्या घरात काढायचं नाही," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली. तिचं म्हणणं योग्य होतं. फायबरवाल्याच्या शेडमध्ये खाली बसून पाणी मागणारा म्हातारा मात्र आता त्याच्या एकट्याकडेच राहणार होता.